अनारकुलच्या ओळीचा फाँट

ज्या बाईने मला उतारवयात अक्षरे शिकवली, तिच्याविषयी मी हे लिहीत आहे. तिचे नाव अनारकुल, आणि तिच्या वडिलांचे नाव झुमाकादिर. ती आमच्या कोक-जार गावच्या वाचनालयात काम करते. गावातल्या लोकर थापून नमदे करणाऱ्या बायकांचे एक मंडळ आहे, त्याचे संकेतस्थळही तीच सांभाळते. तिच्या हातून काही थोर कार्य घडले असा माझा दावा नाही. तिने त्या संकेतस्थळावरील एका ओळीचा फाँट बदलला, एवढेच. परंतु एवढ्याशा कामात तिचे जवळजवळ वर्ष गेले, आणि ते कसे गेले हे मी जवळून पाहिले. म्हणून ते लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

आम्ही काही कुटुंबे पामीरच्या पठारावरून येथे उतरून आलो. तिकडे मेंढ्या होत्या, याक होते, शाळा नव्हती. येथे आल्यावर आम्हा वृद्धांसाठी वाचनालयात दुपारचा वर्ग सुरू झाला, आणि शिकवण्याचे काम अनारकुलकडे आले. ती थंडीत शेगडी पेटवी, आम्हाला चहा देई, आणि नंतर पुस्तक मिटून ठेवून आम्हाला बाहेर घेऊन जाई. गावातल्या पाट्यांवरून ती आम्हाला अक्षरे शिकवत असे. टपालघर, चहाखाना, हमामखाना, केशकर्तनालय, या साऱ्या पाट्या रशियनांच्या जुन्या राजवटीत तिच्या वडिलांनी ब्रशने रंगवलेल्या होत्या. एखाद्या पाटीखाली उभी राहून ती म्हणे, या अक्षराचे पोट पाहा, हे एका दमात काढलेले आहे, मध्ये ब्रश उचललेला नाही. आम्ही टोप्या मागे सारून पाहत असू. ही शिकवण्याची एक पद्धत आहे असे मला तेव्हा वाटे. तिला त्या पाट्या रोज पाहावयाच्या असत आणि आम्ही तिला एक निमित्त होतो, हे मला पुढे समजले.

झुमाकादिर वारले तेव्हा ती राजधानीत कामाला होती. घाट बर्फाने बंद झाला होता. आमच्यात मयत ठेवून वाट पाहत बसत नाहीत. ती पोहोचली तेव्हा अंगणातल्या तंबूत बायका भिंतीकडे तोंड करून विलाप करत होत्या आणि पुरुष दफनभूमीवरून परतलेले होते. तिला वडिलांचे तोंड दिसले नाही. त्यानंतर ती राजधानीत परत गेली नाही. वडिलांच्या घरात राहिली, वाचनालयात लागली, आणि गावभर वडिलांचा हात होता म्हणून तिचे दिवस निघत होते.

परंतु पाट्याही टिकत नाहीत. प्लास्टिकवर छापलेल्या रंगीत पाट्या आल्या आणि जुन्या एकामागून एक खाली उतरल्या. केशकर्तनालयाची पाटी कोणी जाळली. चहाखान्याची पाटी मालकाने कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून घातली. अनारकुल तेथे गेली आणि तिने ती मागितली. कोंबड्या आता कुठे जातील, असे मालकाने तिलाच विचारले.

याच सुमारास मंडळाच्या प्रमुख तुर्सुनाय यांनी एक ठराव आणला. थोरल्या बहिणीला आम्ही एजे म्हणतो. तुर्सुनाय एजे या भरल्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या आणि मनाने स्वच्छ बाई आहेत. लांबचे गिऱ्हाईक नेहमी एकच प्रश्न लिहून पाठवते, या शिर्दाकचा, म्हणजे नमद्याच्या नक्षीदार गालिच्याचा, रंग विटतो का. म्हणून मंडळाच्या नावाखाली एक ओळ घालावी असे ठरले. आमच्या किर्गिझ भाषेत ती दोनच शब्दांची आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ रंग, आणि दुसऱ्याचा अर्थ विटत नाही. तेवढे ऐकले की गिऱ्हाईक गप्प बसेल, असे तुर्सुनाय एजेंचे म्हणणे होते.

अनारकुलने त्याच दिवशी ओळ घातली. ती बारीक, सरळ, कोणाच्याही हातची नसलेल्या अक्षरांत उमटली. बायकांनी पाहिली, छान म्हटले, आणि त्या पुन्हा लोकर पिंजू लागल्या. अनारकुल मात्र पडद्यासमोरून उठली नाही. ही ओळ वडिलांच्या अक्षरांत हवी, असे ती म्हणाली.

तुर्सुनाय एजे हसल्या. “का गं, आता तुझे बाबा इंटरनेटवर पाट्या रंगवणार का?”

“रंगवू देत की,” अनारकुल म्हणाली. “तिथली पाटी निदान कुणी खुराड्यावर तरी घालणार नाही.”



तिने ते काम कसे केले ते मला समजले तेवढे सांगतो. टपालघराची पाटी अजून जागेवर होती. चहाखान्याच्या पाटीसाठी ती खुराड्यावर चढली आणि कोंबड्यांचा कलकलाट चालू असताना तिने छायाचित्रे घेतली. दुसऱ्या शब्दातली बहुतेक अक्षरे तिला त्या दोन पाट्यांवर मिळाली. ती तिने संगणकावर कडेकडेने गिरवली, आणि गिरवलेल्या अक्षरांचा एक फाँट बांधला. फाँट म्हणजे अक्षरांचा संच, असे तिने आम्हाला वर्गात सांगितले. त्याला तिने वडिलांचे नाव दिले.

संकेतस्थळाच्या आतल्या भागात एक रिकामा चौकोन असतो. त्याला कस्टम सीएसएस म्हणतात. पानाने कसे दिसावे, याची आज्ञा तेथे आपल्या हाताने लिहिता येते. आधी ज्या ओळीला आज्ञा करावयाची तिचे नाव, मग महिरपी कंस, आत फाँटचे नाव आणि शेवटी अर्धविराम. ती लिहीत असताना मी शेजारी बसलो होतो. पहिल्या वेळी काहीही बदलले नाही, कारण अर्धविराम राहून गेला होता. तो घातला आणि पान पुन्हा उघडले, तेव्हा दुसऱ्या शब्दात झुमाकादिर यांचा हात उमटला. ते भरीव पोट मी रस्त्यावर पाहिलेले होते. पडद्यावर ते ओळखताना मला संकोच वाटला. एखाद्या ओळखीच्या माणसाला परक्याच्या घरी बसलेले पाहावे, तसे ते वाटले.

अनारकुल मात्र पहिल्या शब्दाकडे पाहत होती. तो पूर्वी होता तसाच होता, बारीक आणि सरळ. दुसऱ्या शब्दातही मध्येच दोन ठिकाणी तसलेच बारीक अक्षर घुसलेले होते.

कारण असे की आमची भाषा रशियन लिपीतच लिहितात, परंतु तिला तीन अक्षरे अधिक लागतात, जी रशियन लोकांना लागत नाहीत. एक म्हणजे पोटात आडवी काडी असलेला गोल. दुसरे म्हणजे दोन फांद्या फुटलेला उभा खांब. तिसऱ्याला खाली शेपूट असते. आमच्या ओळीचा पहिला शब्द या तिघांचाच बनलेला आहे, त्यात चौथे अक्षर नाही. आणि झुमाकादिर यांनी जन्मभर ज्या पाट्या रंगवल्या त्या साऱ्या रशियन भाषेत होत्या. तेव्हाचा नियमच तसा होता. त्यामुळे त्यांच्या फाँटात ही तीन अक्षरे नव्हती, आणि फाँटात जे नसते ते संगणक दुसरीकडून उसने आणून बसवतो.

अनारकुलने घर धुंडाळले. वडिलांचे नमुन्यांचे कागद काढले, रंगांच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढल्या. सारे रशियन होते. ज्या माणसाने तिला किर्गिझ भाषेत अंगाई म्हटली, त्याने ती भाषा कधी ब्रशने लिहिली होती की नाही, हेच तिला कळेना.

तुर्सुनाय एजेंना यात अडचण दिसली नाही. “अगं, गोल आहे ना तुझ्याकडे? त्याच्या पोटात एक आडवी काडी ओढ. झालं.”

“झालं असतं, एजे,” अनारकुल म्हणाली. “पण ती काडी माझी होईल. माझं अक्षर मला रोजच दिसतं.”

त्या दिवसापासून तिची ओळ अर्धी राहिली. पहिला शब्द परका आणि दुसरा वडिलांचा, तोही दोन ठिकाणी फाटलेला. ओळ पूर्ववत करून टाकावी असे तिला पुष्कळांनी सुचवले. तिने केली नाही. एक तरी खूण सापडेल, असे ती म्हणत राहिली. हिवाळा गेला, मेंढ्या व्यायल्या, लोक वरच्या कुरणांवर जाऊन आले. वर्गात ती फळ्यावर ही तीन अक्षरे लिही आणि लिहून झाल्यावर थोडा वेळ फळ्याकडेच तोंड करून उभी राही. आम्ही वयस्क माणसे होतो. आम्ही वह्यांत पाहत असू.

शरद ऋतूत एक दिवस तिने मला थांबवून घेतले. जुनी राजवट मोडली त्या वर्षांत गावच्या काही थडग्यांवर पत्र्याच्या पट्ट्या बसवल्या गेल्या आणि त्यांवर नावे तिच्या वडिलांनी रंगवली, असे तिच्या कानावर आले होते. नावे आमचीच, म्हणजे त्यांत ही अक्षरे असणार. परंतु आमच्या गावात बायका दफनभूमीत जात नाहीत. मयताबरोबरही जात नाहीत आणि नंतरही नाही. तिने मला जा असे म्हटले नाही. तेथे जाऊन वाचू शकेल असा माणूस आता आपल्या वर्गात आहे, एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिचा फोन घेऊन निघालो. दफनभूमी गावाबाहेर टेकाडावर आहे. कच्च्या विटांच्या कमानी पावसाने झिजलेल्या आहेत, कित्येक जमिनीला मिळाल्या आहेत. आमच्यात थडग्याची डागडुजी करत नाहीत, जे मातीचे आहे ते मातीत जाऊ देतात. मी फाटकाशी बसलो, प्रार्थना केली, तोंडावरून हात फिरवले आणि मग आत गेलो. त्यापूर्वी मी अनेकांना खांदा देऊन तेथे गेलो होतो. परंतु तेथे कोण कोण आहे हे मला त्या दिवशी प्रथमच वाचता आले. ज्या माणसाबरोबर मी मेंढ्या कातरल्या होत्या त्याचे नाव एवढे लांब होते, हे मला ठाऊक नव्हते.

बहुतेक पट्ट्या गंजून तांबड्या झालेल्या होत्या. एका कमानीच्या आत, कोनाड्यात, पावसापासून बचावलेली एक पट्टी होती. नाव होते उसोन, आणि बापाचे नाव झेंगिश. मी अक्षरे एकेक करून बोटाने दाखवत वाचली. आडव्या काडीचा गोल होता, फांद्यांचा खांब होता, शेपटीचे अक्षरही होते. तिघेही एकाच पट्टीवर होते. त्यांच्यावर धूळ साचलेली होती. बाहीने पुसावी असे मनात आले, पण मी हात मागे घेतला आणि छायाचित्र घेतले.

टेकाडाच्या पायथ्याशी शेवटचे घर उलकान यांचे आहे, वडीलधाऱ्या म्हणून त्यांना सारे अपा म्हणतात. त्या म्हणजे त्याच उसोन यांच्या विधवा. त्या मला दारातूनच पाहत होत्या. म्हाताऱ्या पुरुषाला आमच्यात अक्सकाल म्हणतात, तशी त्यांनी हाक मारली.

“अक्सकाल, या वयात मेलेल्यांचे फोटो काढता?” त्या म्हणाल्या. “जिवंत माणसं कमी पडली का?”

मी फोन लपवण्याचा प्रयत्न केला आणि तो मला नीट जमला नाही. मग मी सर्व सांगितले. झुमाकादिरच्या मुलीला वडिलांच्या हातची तीन अक्षरे हवी आहेत, ती आपल्या मालकांच्या नावात मिळाली, आणि ती नमद्यांच्या दुकानाच्या ओळीत बसवायची आहेत, असे स्पष्ट सांगितले, कारण अर्धे सांगणे योग्य झाले नसते.  माझ्या नवऱ्याला जमिनीतून काढून गालिचे विकायला बसवणार की काय, असे उलकान अपांनी मला विचारले.  त्यांनी डोक्याचा रुमाल बदलला आणि चला म्हणाल्या. ज्या मुलीला एवढी गरज आहे तिचे तोंड त्यांना पाहावयाचे होते.

अनारकुलने आम्हाला जाजमावर बसवले. पाव मोडला, चहा ओतला, जर्दाळूचा मुरंबा पुढे ठेवला. मी फोन तिच्या हातात दिला. तिने चित्र मोठे केले आणि ती शेपटीचे अक्षर पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते. बाबांचा हात पुढे एवढा बदलला होता, हे मला माहीत नव्हते, असे ती हळू आवाजात म्हणाली.

उलकान अपांनी फोन स्वतःकडे घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि परत दिला.

“हे तुझ्या बापाचं नाही,” त्या म्हणाल्या.

अनारकुलने चित्र आणखी मोठे केले.

“शेपूट बघ ना पोरी. ब्रशवाला माणूस असं शेपूट काढेल का? हे मेंढ्याच्या शिंगासारखं वळलंय. हा कात्रीचा हात आहे. तुझ्या आईचा.”

मग त्यांनी जे सांगितले ते असे. उसोन वारले तेव्हा राजवट नुकतीच बदलली होती आणि नाव आपल्या भाषेत लिहावे असे घरच्यांच्या मनात आले. पट्टी झुमाकादिरकडे दिली. ते राजधानीत रशियन शाळेत हे काम शिकलेले. ब्रश घेऊन बसले, पण आपल्याच भाषेची अक्षरे त्यांच्या हाताला वळेनात. काढत, पुसत, पुन्हा काढत. शेवटी पट्टी गुडघ्यावर ठेवून गप्प बसले. त्यांची बायको शेजारी शिर्दाकसाठी नमदा कापत होती. नमुने कापणारी म्हणून तिचे नाव सर्वत्र होते. तिने कात्री खाली ठेवली, खडूने ती तीन अक्षरे नमुना आखावा तशी आखली, आणि मग ब्रश घेऊन भरली. बाकीची अक्षरे झुमाकादिर यांनी काढली. ही गोष्ट बाहेर सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल, असे तिने उलकान अपांना बजावले होते. पट्टी पुरुष घेऊन गेले. कोनाड्यात बसवलेली ती तिला कधी पाहायला मिळाली नाही. पुढच्या वर्षी ती स्वतःच वारली. अनारकुल तेव्हा फार लहान होती.

“तिनं अजून काही लिहिलंय का कुठं?” अनारकुलने विचारले. “काहीही. एखादं नाव, हिशोबाचं काहीतरी.”

“लिहायला वेळ कुठं होता तिला. दिवसभर कापत असायची बिचारी.” उलकान अपांनी चहाची वाटी पालथी घातली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “ने तू ही अक्षरं. उसोन काही बोलायचा नाही. तिच्या हातचा शिर्दाक त्याच्या अंगाखाली होता, गेला तेव्हा.”

त्या गेल्यावर अनारकुलने वाट्या गोळा केल्या. मी निघालो नाही, कारण निघावे की बसावे हे मला ठरवता येईना. मग ती बोलू लागली. वडिलांचे तिला सारे आठवत होते. त्यांचा खोकला, टर्पेंटाइनचा वास, पाटी वाळत असताना सूर्यफुलाच्या बिया सोलत बसण्याची रीत. आईचे मात्र तिला काहीही आठवत नव्हते. घरात एक छायाचित्र होते, त्यात आईने उन्हामुळे डोळे मिटलेले होते. इतकी वर्षे आपण वडिलांसाठीच रडत आलो, असे ती म्हणाली. आईसाठी रडायला हातात काही धरावे लागते, ते तिच्याजवळ नव्हते.

वडिलांचा फाँट पूर्ण व्हावा म्हणून ती वर्षभर थांबली होती. तो आता कधी पूर्ण होणार नाही, हे तिला कळले होते. ही तीन अक्षरे त्यांच्यात मिसळून टाकणे तिला सहज जमले असते. तुर्सुनाय एजेंनी तसे सुचवलेही, आणि शेपूट थोडे सरळ करून घे, म्हणजे एकाच हातचे वाटेल, असेही त्या म्हणाल्या. अनारकुलने तसे केले नाही. तिने तीन अक्षरांचा वेगळा फाँट बांधला आणि त्याला आईचे नाव दिले. एवढा लहान फाँट जगात दुसऱ्या कोणाकडे नसावा. मग तो रिकामा चौकोन उघडून तिने आज्ञा बदलली. आधी वडिलांचे नाव, मग स्वल्पविराम, मग आईचे नाव, मग अर्धविराम. वडिलांकडे जे नसेल ते आता संगणक आईकडून आणणार होता.

पान पुन्हा उघडले. पहिला शब्द सगळा आईच्या हातचा आला. दुसऱ्यात वडिलांच्या भरीव अक्षरांमध्ये तिचे दोन गोल बसले होते. ओळ सरळ दिसत नव्हती. आईची अक्षरे थोडी बुटकी होती आणि शेपूट ओळीच्या खाली लोंबत होते. कोणी बोलण्याआधी मी ती ओळ मोठ्याने वाचली, कारण अनारकुलला ती वाचता येत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी होते.

उलकान अपांना वाचनालयात बोलावून ओळ दाखवली. त्यांनी पडद्यावरचा पहिला शब्द बोटाने गिरवला. काच पुसावी लागली.

हे काम येथे संपले असे मला वाटले होते, परंतु तसे झाले नाही. चौकोनात फाँटच्या नावाखाली अक्षरांच्या आकाराचा एक आकडा असतो. अनारकुल तो वाढवू लागली. एकदम नाही, अधूनमधून, थोडाथोडा. ओळ आता मंडळाच्या नावापेक्षा मोठी झाली अशी तक्रार तुर्सुनाय एजेंनी केली. दुकान कोणाचे, ओळीचे की आमचे, असे त्यांनी सर्वांसमोर विचारले. अनारकुल हसली आणि तिने आकडा आणखी थोडा वाढवला. जवळ गेल्यावर काही अधिक दिसेल, अशी तिची समजूत असावी. तीन अक्षरांत जेवढे असते तेवढेच त्यांत होते. हे मी तिला सांगितले नाही आणि तिलाही ते माहीत होते.

शेवटी फोनच्या अरुंद पडद्यावर ती ओळ मावेनाशी झाली. दुसरा शब्द घसरून खाली गेला आणि वर आईच्या हातचा पहिला शब्द एकटाच उरला. अनारकुलने फोन हातात धरून तो पाहिला, मग उन्हात नेऊन पाहिला. त्यानंतर तिने तो आकडा बदललेला नाही.